चंद्राबाईचा खांब

२००४ च्या जानेवारीत उमरठच्या वरच्या डोंगरातल्या एका वाडीत वीज पोचली आणि बातमीचा फोटो काढायला निशिगंधा दीड तास चढून वर गेली. महाडच्या बाजारपेठेत तिचा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी हे रोजचं काम. शिवाय जिल्ह्यातल्या एका दैनिकाला ती बातम्यांचे फोटो द्यायची. पण जीव अडकला होता तो प्रदर्शनात लागणाऱ्या फोटोंत. पुण्याच्या एका स्पर्धेला गेली तीन वर्षं ती न चुकता फोटो पाठवत होती.

त्या सकाळी तिला हवा तसा फोटो मिळाला. कड्याच्या टोकाशी वाडीतली चंद्राबाई उभी होती, काखेत शेळीचं करडू, मागे खालच्या दरीत धुकं. चेहऱ्यावर असं हसू, की निशिगंधाने श्वास रोखून बटण दाबलं. फक्त चंद्राबाईच्या शेजारी विजेचा लोखंडी खांब होता आणि वर तीन तारा.

स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसून तिने स्पर्धेसाठी तो खांब पुसला. आधी तारा, मग खांब, मग त्या जागी धुकं भरलं. दोन तास लागले. शेवटी खांब होता हे तिचं तिलाही ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी दैनिकाच्या संपादकांचा फोन आला. "वाडीचा फोटो पाठव. चांगला असेल तर पहिल्या पानावर घेतो."

फीत कापतानाचे फोटो होते, पण ते नेहमीचेच. निशिगंधा नेटकॅफेत गेली आणि तिने धुक्याचा फोटो पाठवला. आपण काय करतोय हे तिला कळत होतं. एका खांबाने कुणाचं काय बिघडणार, असं तिने मनाला सांगितलं.

फोटो पहिल्या पानावर रंगीत छापून आला. खाली ओळ होती, 'वीज आलेल्या वाडीतील चंद्राबाई.' बाजारपेठेत चार जणांनी तिचं कौतुक केलं. दिवसभर ती हवेत होती.

तिसऱ्या दिवशी चंद्राबाई आणि तिचा नवरा महिपती डोंगर उतरून, पोलादपूरहून एसटीने महाडला आले. चंद्राबाईने पिशवीतून पेपर काढला आणि काउंटरवर पसरला.

"बाय, ह्यात आमचा खांब कुठं गेला?"

"मावशी, तो मधे येत होता. फोटो छान दिसावा म्हणून काढला मी."

"मधी येत नव्हता गो," चंद्राबाई म्हणाली. "खांबासाठीच तं मी तिथं हुबी रायले! शेळ्या सोडून आले पळत."

महिपतीने सदऱ्याची गुंडी सोडून खांदा दाखवला. त्यावर अजून काळानिळा वळ होता.

"वर गाडी जात नाय. सतरा जणांनी खांद्यावर नेला त्यो खांब. एकेक खांब, असे अकरा. आता खालच्या गावातली माणसं हसतात आम्हाला. म्हणतात, पेपरात बगा, तुमच्याकडं खांबच नाय!"

"आनि आमच्या पोराचं, सूरजचं लगीन," चंद्राबाई म्हणाली. "सव गावच्या येसाजींची पोरगी पूजा बगितलीय. मुलीचा बाप म्हणतो, लाईट नाय तिथं पोरगी देत नाय. त्याने ह्योच पेपर पायला."

निशिगंधाने दोघांना खुर्च्या दिल्या, चहा सांगितला आणि त्यांच्यासमोरच संपादकांना फोन लावला. तिने सगळं सांगितलं.

"प्रदर्शनात तू आकाशात दोन चंद्र लाव, मी टाळ्या वाजवीन," संपादक म्हणाले. "पण माझ्या पेपरात गवताची काडी हलवायची नाही. आता तुझा प्रत्येक फोटो मला दोनदा तपासावा लागेल, कळतंय का?"

"कळतंय, सर."

"मूळ फोटो पाठव. दुरुस्ती पहिल्याच पानावर जाईल, तुझ्या नावासकट."

दुरुस्ती छापून आली. बाजारपेठेत आता लोक वेगळंच हसत होते, आणि तिला दोन-तीन दिवस स्टुडिओत तोंड लपवून बसावंसं वाटलं. तरीही तिने मूळ फोटोची मोठी प्रिंट काढली, स्कूटरवरून सवला येसाजींच्या घरी नेली आणि चूक माझीच, हे स्वतः सांगितलं.

येसाजींनी प्रिंट उजेडात धरली. तारा बोटाने मोजल्या. "तीन फेजची दिसते," ते समाधानाने म्हणाले. "मग गिरणीसुद्धा चालंल." आतून पूजाचं हसणं ऐकू आलं.

स्पर्धेची तारीख जवळ आली तेव्हा निशिगंधाने दोन्ही फोटो वाडीवर नेले. कलेच्या विभागात फेरफार चालत होते, नियमातच होतं तसं. चंद्राबाईने दोन्ही फोटो मांडीवर घेतले.

"बिनखांबाचा चित्रासारखा हाय, दे की पाठवून. पन त्यात मी कशाला हसतेय ते कुनाला कळायचं नाय."

निशिगंधाने खांबाचा पाठवला. बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांपैकी एकाने मात्र चिठ्ठी धाडली, की या बाईच्या हसण्याचं कारण फोटोतच सापडलं, याचा आनंद झाला. ती चिठ्ठी तिने आठवडाभर पर्समध्ये बाळगली.

मे महिन्यात सूरज आणि पूजाचं लग्न वाडीवरच झालं. फोटो अर्थातच निशिगंधाचे. अल्बम द्यायला ती गेली तेव्हा चंद्राबाई एकेक पान उलटत एका फोटोवर थांबली. सगळं घर झकास उभं होतं, आणि मधोमध महिपती डोळे गच्च मिटून.

"ह्यांचे डोळे उघडता येतात का गो तुझ्या मशिनीवर?"

"मावशी! तुम्हीच असं म्हणता?"

"ह्यो काय पेपर हाय? घरातला फोटू हाय," चंद्राबाई म्हणाली. "आनि जमत असंल तर जरा मोठेच कर डोळे. लगनाच्या दिवशी तरी मानूस जागा दिसू दे."

ओसरीवर बसलेला महिपती सगळ्यात मोठ्याने हसला.