कोलांटीचा पुरावा

साहेबानं जातीच्या दाखल्याचा अर्ज वाचला आणि त्याला हसू फुटलं. "कोल्हाटी? मग शाळेच्या दाखल्यावर नुसतं हिंदू कसं?"

गोजरबाईनं मान खाली घातली. ते तिनंच करून ठेवलं होतं. बारा वर्षांपूर्वी लेकीचं, अमृताचं, नाव नारायणगावच्या शाळेत घालताना मास्तरांनी जात विचारली आणि हिनं नुसतं 'हिंदू' सांगितलं. बापाच्या ढोलकीवर लोणीच्या जत्रेत उड्या मारून पोट भरलेली बाई ती. पोरीला त्याचा वारासुद्धा लागू नये, एवढंच तिच्या डोक्यात.

आता दोन हजार तीन साली त्याच पोरीचा नर्सिंगला राखीव जागेवर नंबर लागला होता. परवा शेवटची तारीख, आणि जातीच्या दाखल्याशिवाय जागा जाणार. आज्या-पणज्याचा कागद आणायचा कुठून? त्यांनी शाळेची पायरी कधी चढलीच नव्हती.

साहेबाला काम नव्हतं की नुसतीच मस्ती होती, कोण जाणे. खुर्चीत रेलून, अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "कोलांटी हा शब्द आला कुठून, माहीत आहे का बाई? कोल्हाट्यांच्या उडीवरून. मग पोरीला म्हणा, मार एक. दुसरा पुरावा हवाय कशाला?"

टेबलाटेबलांवर खसखस पिकली. गोजरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलली ती शेजारी उभी असलेली अमृता.

"सर, शाळेत पीटीला आमच्या अख्ख्या वर्गानं कोलांटी मारली. तुमी पण मारली असंल की. मग तुमच्या दाखल्यावर काय लिवलंय?"

साहेब लालबुंद झाला. त्यानं फाईलची नाडी बांधली. "पुढच्या महिन्यात या."

अमृता दाराकडं निघालीसुद्धा, मान ताठ. गोजरबाईला ती मान दिसेना. तिला टोमॅटोचे क्रेट दिसले, आजवर तिनं मजुरीनं भरलेले आणि इथून पुढं पोरगी जन्मभर भरणार होती ते.

तिनं चपला काढल्या, काष्टा घट्ट केला आणि दोन कपाटांमधल्या फरशीवर, वीस वर्षांनी, कोलांटी मारली. हात टेकले न टेकले तोच ती पलीकडं उभी. अंग काही विसरलं नव्हतं. लाज वाटायच्या आधी क्षणभर तिला बरंच वाटलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

कुणीतरी शिट्टी घातली. साहेबानं हसत हसत फाईल सोडली, सही केली, शिक्का मारला.

फाटकाबाहेर नारायणगावची जीप भरत होती. अमृता आईकडं बघेना.

"तो हरला व्हता, आई. तू जिंकवलंस त्याला."

"हरलेला साहेब सही करतो व्हय गं?"

"मला नको तुझा कागद."

गोजरबाईनं तो तिच्या मुठीत कोंबला. "नको तर नको. पण फाडू नगंस. उद्या तुझ्या पोरीला कुणी असाच पुरावा मागंल, तवा ह्यो दाखव. न्हाईतर तवा उडी तुला मारावी लागंल."

अमृतानं कागद पिशवीत घातला आणि आईला मागं सोडून पुढच्या शिटावर जाऊन बसली.