घरचे आणि पाहुणे

अध्यक्षसाहेब गेल्याला चार महिने होत आले होते, तरी त्यांची मुलगी विमानतळावरच्या क्रू रूममध्ये शिरली की चाललेली बोलणी अजून थांबत. सुरुवातीला लोक दुःखाने गप्प होत. हल्ली का होतात, ते तिला ठाऊक होतं. खोलीतल्या दोन्ही बाजूंना तिच्याकडून काहीतरी हवं होतं आणि मागायचं कसं, ते कुणाचं ठरत नव्हतं.

खोलीला दोन बाजू असणं हेही तसं नवंच. पूर्वी एक लांब टेबल होतं, कॉफीचं एक कुरकुरणारं मशीन होतं आणि वैमानिकांची एकच संघटना होती. तिचे अध्यक्ष म्हणजे तिचे बाबा. मग कंपनीने बुडायला आलेली एक छोटी विमान कंपनी विकत घेतली. विमानं आली, विमानांबरोबर माणसं आली. कॉफी घेता घेता कुणीतरी त्यांना 'पाहुणे' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. मग ओघानेच बाकीचे 'घरचे' झाले.

या नोकरीत माणसाचा क्रमांक हेच त्याचं नशीब. जो आधी लागला तो वर. सुट्टी कधी मिळणार, कुठलं विमान मिळणार, उजव्या खुर्चीतून डाव्या खुर्चीत, म्हणजे कॅप्टनच्या जागी, कधी बसायला मिळणार, सगळं त्यावर. कंपनी सोडली तर क्रमांक मागेच राहतो. दुसरीकडे पुन्हा तळापासून, केस पांढरे झाले असले तरी नव्या सुनेसारखं सगळ्यांचं ऐकत. त्यामुळे पाहुण्यांना रांगेत कुठे उभं करायचं, यावरून आग पेटली. घरचे म्हणत होते, सगळ्यांच्या शेवटी. अध्यक्षसाहेबांनी सही केली ती वेगळ्याच करारावर. पाहुण्यांनी जुन्या कंपनीत काढलेली वर्षंही धरायची, असं त्यात होतं. एका सहीसरशी घरच्यांतले धाकटे सगळे खाली घसरले. त्यांत त्यांची स्वतःची मुलगीही होती. डावी खुर्ची तिच्या अगदी हाताशी आली होती, ती कित्येक वर्षं लांब गेली.

तिला हे घरी कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांना कळलं तसंच तिलाही कळलं, फोनवर आलेल्या परिपत्रकातून. त्या संध्याकाळी ती बाबांच्या समोर जाऊन बसली. बाबांनी विचारलं, "काही बोलायचंय का, बाईसाहेब?" घरात ते तिला असंच म्हणायचे. ती म्हणाली, "नाही. समजलं मला." आणि त्यानंतर ती समजूतदार मुलीसारखी वागत राहिली. मीठ द्या, गाडीची किल्ली कुठे ठेवलीत, उद्या कुठे चाललात. बापलेकीत भांडण म्हणून झालं नाही. मग एका सकाळी ड्यूटीवर निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता ते कलंडले, आणि भांडायचं राहूनच गेलं.

वरचा माणूस गेला की खालचे सगळे एकेक पायरी वर चढतात. निवृत्त झाला काय नि मेला काय, यादीला फरक पडत नाही. पुढच्या महिन्यात नवी यादी लागली तेव्हा तिच्यामागे कुणीतरी म्हणालं, "साहेबांनी जाता जाता का होईना, वर ढकललं बुवा आपल्याला." दोघे-तिघे हसले, आणि मग त्यांचं तिच्याकडे लक्ष गेलं. ती यादीत स्वतःचं नाव शोधत होती. तीही एक पायरी चढली होती.

घरच्यांतल्या धाकट्यांनी तोवर आपली दुसरी संघटना काढली होती. त्या संघटनेचा पुढारी म्हणजे मुलीच्याच बॅचमधला, तिच्यासारखाच उजव्या खुर्चीतला एक उंच, हजरजबाबी फर्स्ट ऑफिसर. विमानातल्या सँडविचवरूनही तो नियम काढून भांडायचा, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. त्याने करार मोडून काढण्यासाठी कोर्टात जायचं ठरवलं होतं, आणि अर्जावर पहिलं नाव त्याला तिचं हवं होतं. खुद्द अध्यक्षांची मुलगी म्हणतेय की करार अन्यायाचा आहे, म्हटल्यावर पुढे बोलायला काय उरतं? उलट बाबांचे जुने मित्र, संघटनेचे खजिनदार काका, घरी दोनदा येऊन गेले. बाबांच्या जागेवर तू बस, तुझ्याकडे बघून लोक थांबतील, असं त्यांचं म्हणणं. एकाला ती काठी म्हणून हवी होती, दुसऱ्याला झेंडा म्हणून. तिला स्वतःला काय हवंय, हे विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की तिला झोप हवी आहे.

लोक थांबत नव्हतेच. एक नवी विमान कंपनी निघाली होती आणि ती अनुभवी फर्स्ट ऑफिसरना थेट डावी खुर्ची देत होती. ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. कुणी राजीनामा दिला, कुणाचा खिशात आहे, कोण नुसताच हूल देतोय. जे राहणार होते ते राहण्याबद्दल ओशाळल्यासारखे बोलत. तिलाही त्या कंपनीचं बोलावणं आलं होतं. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. अट एकच, रुजू होताना आपल्यावर कसलीही चौकशी चालू असता कामा नये.

शनिवारी सकाळी आई बाबांच्या गणवेशाच्या सदऱ्यांच्या खांद्यावरून सोनेरी पट्ट्या काढून घेत होती. सदरे कुणाला तरी देता येतील, पट्ट्या देता येणार नाहीत, असं तिचं म्हणणं. मुलीने बॅग भरता भरता तिला नव्या कंपनीचं सांगितलं. आईने एका सदऱ्याचं बटण लावून घडी घातली.

"तुला तिकडे जायचंय, की इथून निघायचंय?"

"एकच ना ते, आई."

"एकच नाही," आई म्हणाली आणि पुढचा सदरा हातात घेतला.

त्या दिवशीचा कॅप्टन पाहुणा होता. पाहुण्यांतलाही नेमका तो, ज्याला करारामुळे तिच्या आधी डावी खुर्ची मिळाली होती. बुटका, मऊ आवाजाचा, डब्यात फळं चिरून आणणारा माणूस. तिच्या खुर्चीत बसलेला, असं ती मनात म्हणे, आणि म्हटल्यावर स्वतःचीच तिला लाज वाटे. पूर्वी कॉकपिटमध्ये माणसं मुलांच्या शाळा, गुडघेदुखी, सासूबाई असलं सगळं बोलत. हल्ली घरचा आणि पाहुणा एकत्र आले की नियमांच्या पुस्तकात लिहिलंय तेवढंच बोलायचं, अशी अलिखित रीतच पडली होती. तीन तास ती दोघं तोंडात गुळणी धरल्यासारखी बसली होती.

उतरताना विमान ती स्वतःच्या हाताने चालवत होती आणि रेडिओ त्याच्याकडे होता. समोर डोंगर होते, आकाश स्वच्छ होतं. कंट्रोलरने सात हजार फुटांपर्यंत खाली यायला सांगितलं. अशा वेळी एकाने उंचीचा आकडा यंत्रावर लावायचा, त्यावर बोट ठेवून तो मोठ्याने म्हणायचा, आणि दुसऱ्याने आकडा डोळ्यांनी बघून 'पाहिलं' म्हणायचं. पहिल्याच वर्षी अंगवळणी पाडतात ते हे. कॅप्टनने कंट्रोलरला उत्तर बरोबर दिलं, आकडा लावला, बोट ठेवलं आणि म्हणाला, "सात हजार." लावलेला आकडा होता सहा हजार. तिने त्याचं बोट तिकडे गेलेलं पाहिलं, आणि त्या हाताकडे बघायला नको म्हणून समोर बघत म्हणाली, "पाहिलं."

पडद्यावरची खूण लावलेल्या आकड्याकडेच उतरवत नेते, आणि ती त्या खुणेमागे जात राहिली. विमान सातच्या खाली उतरू लागलं तेव्हा कॅप्टनच्याच लक्षात आलं. "थांबा, थांबा. वर घ्या," तो म्हणाला. पुस्तकात हे शब्द नाहीत. तिने विमान सावरून वर घेतलं. मागे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज झाला. मग कंट्रोलरने अगदी शांतपणे त्यांना त्यांची उंची विचारली. डोंगर अजून दूर होते. कुणाला काही झालं नाही. उतरणं नेहमीसारखं झालं, उतारूंनी उतरताना नेहमीसारखे आभार मानले.

दार बंद झाल्यावरही दोघं आपापल्या जागी बसून राहिली.

"आकडा मी चुकीचा लावला," तो म्हणाला. "मी तसं लिहून देतो. तुमचं तुम्ही लिहा."

त्याने डबा उघडला, पुन्हा बंद केला.

"तुमच्या वडिलांबद्दल मी तुमच्याशी बोललोच नाही कधी. तुमच्याशी बोलू द्यायचं नाही कुणी." तो समोरच्या काचेकडे बघत होता. "सही करायच्या आधी आम्ही दोघं-चौघं त्यांना भेटलो होतो. ते म्हणाले, माझी मुलगी या यादीत आहे. या करारात ती कुठे जाते ते मी मुद्दाम बघितलेलं नाही. बघितलं तर माझा हात चालणार नाही."

रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो राग, इतक्या महिन्यांचा, ताजा.

"बघायला हवं होतं त्यांनी," ती म्हणाली. "बघून मग करायची होती सही."

"मीही तेच म्हणालो होतो त्यांना."

"मग?"

"म्हणाले, घरी गेल्यावर बघेन. बाईसाहेब विचारतीलच मला, तेव्हा सांगेन."

तिने विचारलंच नव्हतं. ती समजूतदारपणे मीठ मागत राहिली होती.

वकिलाला ती पोचायच्या आधीच बातमी लागली होती. कंट्रोलरने उंची विचारल्याचं हा हा म्हणता सगळीकडे झालं होतं. क्रू रूमच्या बाहेरच त्याने तिला गाठलं. तो तिच्यासाठी खरंच घाबरला होता. आधी त्याने, तू ठीक आहेस ना, असं दोनदा विचारलं, मग कामाचं बोलला. आकडा कुणी लावला? पाहुण्याने. मग तेवढंच लिही. कोर्टात यापेक्षा मोठा पुरावा नको. यांची वर्षं आमच्या वर्षांच्या बरोबरीची नाहीत, हेच तर आपण म्हणतोय. तुझ्यावर चौकशी नाही, सोमवारी तुझा होकार जाईल, महिन्याभरात तू कॅप्टन.

"यात खोटं काय आहे?" तो म्हणाला. "एक शब्द खोटा नाही."

"नाही," ती म्हणाली. खरोखरच नव्हता.

ती आत गेली. लांब टेबलाच्या एका टोकाला पाहुणे होते, दुसऱ्या टोकाला घरचे. ती मधोमध बसली, कारण संगणक तिथे होता. कॅप्टनने चुकीचा आकडा लावला, हे तिने अहवालाच्या पहिल्या वाक्यात लिहिलं. तिथे ती थांबली. तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. तिच्या जागी कुणीही थांबलं असतं आणि रात्री शांत झोपलं असतं. तिला आठवत होतं ते त्याचं बोट, आणि आपण मान कशी मुद्दाम समोर ठेवली ते. एका माणसाचा हात डोळ्यांपुढे नको, म्हणून विमानभर लोकांना घेऊन ती डोंगराकडे उतरत होती. असं करणाऱ्या बाईला महिन्याभरात डाव्या खुर्चीत बसवायला कुणी तयार असतील, तर ते त्या बाईला ओळखत नव्हते. ती ओळखत होती.

तिने पुढे लिहिलं. 'आकडा पाहिला असे मी म्हटले. मी तो पाहिला नव्हता. आम्हा दोघांत बोलणे बंद असल्याने मी त्यांच्या हाताकडे पाहणे टाळले.' शेवटचं वाक्य खोडावं का, असा तिने विचार केला, आणि राहू दिलं.

सोमवारी नव्या कंपनीला तिने, माझी चौकशी सुरू झाली आहे, असं कळवलं. त्यांनी पुढच्या संधीच्या शुभेच्छा दिल्या. इकडे तिला आणि त्या कॅप्टनला दोघांनाही उड्डाणावरून काढून पुन्हा प्रशिक्षणाला बसवलं. कोर्टाच्या अर्जावर तिचं नाव गेलं नाही. खजिनदार काकांना तिने बाबांच्या जागेबद्दल नाही म्हणून सांगितलं. काका दुखावले, पण अर्ध्या तासाने चहा प्यायलेच. घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं, बाबा काय म्हणाले होते तेही. आईने ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "बघितलं होतं त्यांनी. त्याच रात्री. झोपले नाहीत." आणि ती आत निघून गेली. त्यानंतर मुलगी बैठकीच्या खोलीत एकटी बसून बाबांशी भांडली, मोठ्याने, नीट, मुद्देसूद. बरंच काही बोलायचं साचलं होतं.

ती पुन्हा उडायला लागली तोपर्यंत निम्मी बॅच गेलेली होती. पहिल्याच सकाळी ती विमानाभोवती फेरी मारत चाकं, पंख तपासत असताना शेजारच्या विमानाकडून वकील चालत आला. नव्या कंपनीत जाण्याआधीचं त्याचं इथलं शेवटचं उड्डाण होतं ते. त्याला निरोप द्यायला सगळे जमले होते, तेव्हा तिला कुणी बोलावलं नव्हतं. वारा इतका होता की त्याला जवळ येऊन बोलावं लागलं.

"आम्ही गेलो की तू वर सरकणार," तो म्हणाला. "तुझ्या वरचे आम्ही आठ जण. फुकटात. हुशार आहेस, बापासारखीच."

ती सरकणार होती, यात एक शब्द खोटा नव्हता. तो नजर वळवून तिच्या विमानाच्या चाकाकडे बघत राहिला. मग त्याने हात पुढे केला आणि तिने तो हातात घेतला.

"कॅप्टन झालीस की कळव."

"तू आधी होशील."

"हो," तो म्हणाला. "तिकडे सगळेच होतायत." आणि कॉलर वर करून तो आपल्या विमानाकडे निघून गेला.