घमेल्यातला ग्योझा

उस्तादांनी करंजीसारखा मुरडलेला कच्चा ग्योझा पाण्याच्या घमेल्यात बुडवला, अंगठ्याने हलकेच दाबला आणि बुडबुडे कुठून येतात ते वाकून पाहू लागले. कडेच्या एका चुणीतून बारीकसा बुडबुडा वर आला. त्यांनी ती जागा नखाने धरून ठेवली, ग्योझा बाहेर काढला आणि फडक्याने पुसायला घेतला. पारी फडक्यालाच चिकटून बसली. आतला कोबी तेवढा तळहातावर उरला.

“अहो, ती ट्यूब नाही,” दारात उभी असलेली बायको म्हणाली.

“गळतंय की नाही ते बघायला नको? तव्यावर फुटला म्हणजे?”

“आणि ते घमेलं दुकानातलंच ना?”

“साबणाने घासलंय.”

“कुठल्या साबणाने ते मी विचारत नाही,” बायको म्हणाली, आणि स्टूल ओढून बसली. असा तमाशा रोज घरात होत नाही.

उस्तादांचं सायकल दुरुस्तीचं दुकान घराच्या खालीच होतं. अर्ध्या गावाच्या ट्यूबा त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या, त्यामुळे जगात जे काही बंद करता येतं ते आपल्याला बंद करता येतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. शिवाय आज प्रश्न लेकीचा होता. तिने स्वतःसाठी एक मुलगा पसंत केला होता आणि तो एका जपानी हॉटेलात स्वयंपाकी होता. उस्ताद त्याला मोमोवाला म्हणत.

“मोमो नाही बाबा, ग्योझा,” लेक दर वेळी सांगे. “खालून कुरकुरीत, वरून मऊ. आणि त्याच्या चुण्या बघाल तर बघतच राहाल.”

कणकेच्या गोळ्यांवर संसार होत नसतो, हे उस्तादांचं ठरलेलं उत्तर. बरेच महिने हीच घासाघीस चालली होती. शेवटी लेकीनेच तोड काढली. रविवारी मुलगा घरी येईल, सगळ्यांसमोर ग्योझे करेल, आणि खाऊन झाल्यावर बाबा हो की नाही ते सांगतील. नाही म्हणाले, तर विषय संपला. खाल्ल्यावर बाबा नाही म्हणणारच नाहीत, याची तिला खात्री होती. उस्तादांनी मात्र नाही म्हणायचं पक्कं करून ठेवलं होतं, आणि त्याची तयारीही केली होती. मुलगा यायच्या आत ताटलीभर ग्योझे करून ठेवायचे आणि म्हणायचं, “हे मी सकाळी सहज केले. यात तुझं विशेष काय?”

सारण झकास जमलं होतं. कोबी मीठ लावून पिळला होता, कोंबडीचा खिमा, आलं, लसूण, कांद्याची पात, सगळं मापात होतं; कारण ते बायकोने केलं होतं. पाऱ्या उस्तादांनी स्वतः लाटून सायकलच्या नव्या घंटीच्या टोपीने गोल कापल्या होत्या. त्याही चांगल्या झाल्या. घोडं अडलं ते चुण्यांपाशी.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. लेक दवाखान्यातली ड्यूटी संपवून दुपारी यायची होती आणि मुलगा तिच्याबरोबरच यायचा होता. पण दारात मुलगा एकटाच उभा होता. छातीशी थर्माकोलचा डबा धरून.

“काकू, ती आली नाही ना अजून?” तो हळूच म्हणाला. “हे जरा फ्रीजरमध्ये ठेवायचं होतं.”

बायकोने त्याला सरळ स्वयंपाकघरात नेलं. तिच्या मनात काय होतं ते तिलाच ठाऊक. आत उस्ताद कोपरापर्यंत मैद्यात, शेजारी पाण्याचं घमेलं, घमेल्यात तरंगणारा कोबी. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. कुणीतरी रंगेहाथ सापडलं होतं खास, पण कोण, ते दोघांनाही कळेना.

मुलाने डबा खाली ठेवला. उस्तादांनी नुकताच बुडवलेला एक ग्योझा अजून शाबूत होता, त्यावर तो वाकला.

“इथून येतोय,” तो म्हणाला. “शेवटच्या चुणीतून.”

तो हसला नाही. उस्तादांनी ते मनाविरुद्ध टिपून ठेवलं.

“तुझ्या डब्यात काय आहे?”

“ग्योझे. हॉटेलातले, गोठवलेले.”

“म्हणजे रात्रीच करून ठेवलेस?”

मुलगा चष्मा पुसायला लागला. “ते मशीन करतं, काका. पारी, सारण, चुण्या, सगळं. मी नुसता तव्यावर असतो.”

“मग आमची लेक इतकं सांगते ते?”

“ती पहिल्यांदा जेवायला आली होती, तेव्हा तिने विचारलं, या चुण्या तुम्ही घातल्यात का. माझी मान हलली. का हलली ते देवाला माहीत. मग ती दर वेळी कौतुक करायची आणि खरं सांगायचं राहूनच जायचं.” त्याने चष्मा परत लावला. “आज तिच्यासमोर करायचे म्हणून झोप नाही मला. म्हटलं, आधी येऊन हे ठेवावेत, आणि ऐन वेळी माझ्या हातच्यांच्या जागी हेच तव्यावर टाकावेत.”

उस्तादांना आता काही करायचीच गरज उरली नव्हती. लेक येईल, तिला एवढंच सांगायचं, आणि नकार त्यांनी न देताच मिळेल. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती धुतलेलाच कप पुन्हा धूत होती. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण शेजारणीला फोनमध्ये त्या चुण्यांचे फोटो दाखवणारी लेक त्यांच्या डोळ्यांपुढे आली.

“हात धुतलेस?” त्यांनी मुलाला विचारलं.

घमेलं गॅलरीत गेलं, डबा न उघडताच फ्रीजरमध्ये. दोघं ओट्याशी उभे राहिले. मशीन सारण किती घालतं ते मुलाला माहीत होतं. उस्ताद त्याच्या दुप्पट कोंबत होते. कड पाण्याने ओली करायची, हेही मुलानेच सांगितलं. बाकी त्याच्या हाताला चुणी म्हणून ठाऊक नव्हती. त्याचा प्रत्येक ग्योझा खिशात चुरगळलेल्या तिकिटासारखा दिसत होता. उस्तादांचे हात मात्र हळूहळू वळणावर आले. एकाच बाजूला घडी, तिच्यावर दुसरी, शेवटी चिमूट. ताट भरत आलं तशी त्यांना शीळ घालावीशी वाटू लागली, पण मोमोवाल्यासमोर ते बरं दिसलं नसतं.

मग मुलगा शेगडीपाशी गेला आणि बघताबघता वेगळाच माणूस झाला. तेल, त्यात ओळीने मांडलेले ग्योझे, मग पाण्याचा शिडकावा, चर्रर्र, वर झाकण. त्याने झाकण उघडून पाहिलं नाही. नुसता कान दिला.

“पाणी संपत आलं,” तो म्हणाला. “आवाज बदलला बघा.”

उस्तादांना काही बदललेलं ऐकू आलं नाही. झाकण निघालं तेव्हा खालची बाजू सगळीकडे सारखी खरपूस झाली होती. ते स्वतः चाक फिरवून नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखत आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. इतकं येत असताना हा गाढव खोटं कशाला बोलला, ते त्यांना समजेना.

“हे बघ,” ते म्हणाले, “लेकीपाशी मशीनचं अवाक्षर काढायचं नाही.”

“पण काका...”

“मी सांगतोय ना.”

लेक आली. मुलगा आधीच येऊन कामाला लागलेला बघून हरखली. हात धुऊन टेबलाशी बसली, एक ग्योझा उचलून तिने डोळ्यांसमोर धरला.

“बघितलंत बाबा? अशा चुण्यांना हात लागतो. तुमच्याने होतील?”

बायकोला ठसका लागला.

“नाही बुवा,” उस्ताद म्हणाले. आपण लावलेल्या ठिगळाचं श्रेय आजवर त्यांनी कुणाला घेऊ दिलं नव्हतं.

मुलाने काटा खाली ठेवला. उस्तादांनी टेबलाखालून त्याला लाथ मारली. ती बायकोला लागली.

“या काकांनी घातल्यात,” मुलगा म्हणाला. “मला येत नाहीत. कधीच येत नव्हत्या. तिकडे मशीन आहे.”

लेकीने ग्योझा ताटलीत परत ठेवला. मग ती बाबांकडे वळली.

“तुम्हाला माहीत होतं?”

“सकाळपासून.”

“तुम्हाला नाहीच म्हणायचं होतं आज. मला काय समजत नव्हतं? आयती संधी होती बाबा. का सोडलीत?”

उस्तादांनी ताटातला एक कलंडलेला ग्योझा सरळ केला. सकाळी त्यांना लेकीला या मुलापासून वाचवायचं होतं. आता मुलाला लेकीपासून वाचवायचं होतं, आणि हे नेमकं कधी झालं ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. या दोघांचे चेहरे असे पडलेले त्यांना बघवत नव्हते, एवढं खरं.

“तुझ्याशी किती दिवस बोलायचं नाही, ते ठरवते मी आता,” लेक मुलाला म्हणाली. पण ठेवलेला ग्योझा तिने पुन्हा उचलला होता.

“ठरव सावकाश,” उस्ताद म्हणाले, आणि ताट उचलून टेबलापलीकडे धरलं. “तोवर तुम्ही घ्या, जावईबापू. गार होतायत.”

कोण आलंय ते बघायला मुलगा मागे वळला.