साडूचा सूड आणि घोगरी करवत

वाचकहो, एका सासऱ्याच्या घरी दोन जावई असता त्यांच्यात जे वैर उत्पन्न झाले, त्याची ही कथा आपणांपुढे सादर करीत आहे. हिच्यात रक्त सांडत नाही, कोर्टकचेरीही होत नाही. तथापि एक पिस्टन जळतो, एक ताठ मान खाली जाते, आणि वर्षभर धरलेला डूख मनुष्याकडून काय काय करवून घेतो ते यथाक्रम दिसून येते. मधूनमधून यंत्राची माहिती येईल. ती गाळून पुढे जाऊ नये, कारण सारा सूड त्या माहितीतच दडलेला आहे.

धाकटा जावई पंप आणि इंजिने दुरुस्त करणारा मिस्त्री होता. थोरला जावई मोठा ट्रक चालवीत असे, म्हणून त्यास सर्वजण ट्रकवाला म्हणत. दोघे साडू. सासऱ्याचे घर थंड प्रदेशात, उतारावर होते. हिवाळाभर मधल्या खोलीतील लोखंडी शेगडी पेटती ठेवावी लागे. त्यासाठी दरवर्षी पानगळ संपण्याच्या सुमारास दोन्ही जावई मुलाबाळांसह येत आणि मागील अंगणात सरपण कापून रचून देत.

मागील वर्षी मिस्त्रीने आपली स्वतःची करवत आणली होती. ती त्याच्या उस्तादांनी हात थकल्यावर त्याला दिलेली, मुठीचे रबर झिजून गुळगुळीत झालेली यांत्रिक करवत होती. तो जेवावयास बसला असता ट्रकवाल्याने तिच्यात इंधन भरले आणि कापावयास घेतली. थोड्याच वेळात करवत किंचाळून थांबली ती कायमची. ट्रकवाल्याने ती जमिनीवर ठेवली आणि सर्वांदेखत म्हटले, "आमचे साडूभाऊ म्हणजे डॉक्टर बरं का! यांचा हात लागला की पेशंट गेलाच!"

सगळे हसले. सासूबाईही पदराआड हसल्या. मिस्त्री करवत घरी घेऊन गेला आणि टाकी रिकामी केली, तो आतील पेट्रोल पाण्यासारखे स्वच्छ! असल्या इंजिनाला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावे लागते, आणि त्याच्या तेलाने पेट्रोलला निळसर झाक येते. येथे निळ्याचा मागमूस नव्हता. साडूने नुसते पेट्रोल ओतले होते. तेलावाचून पिस्टन सर्व बाजूंनी ओरखडून सिलिंडरला चिकटला होता. मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परंतु आता सांगावयाचे कोणास? टाकी उघडताना साक्षीला कोणी नव्हते.

त्या दिवसापासून त्याचे नाव डॉक्टर पडले. सासूबाईंचा मिक्सर बिघडला, तेव्हा त्या फोनवर लेकीला म्हणाल्या, "तुझ्या डॉक्टरांना नको गं दाखवायला, बाहेरच देते." मिस्त्रीची बायको त्या दिवशी जेवली नाही. "अहो, तुम्ही काही बोलत का नाही?" एवढेच तिने विचारले. मिस्त्री मूग गिळून बसला. पण आतल्या आत तो दातओठ खात होता. त्याला एकच गोष्ट हवी होती. साडूने स्वतःच्या तोंडाने, त्याच अंगणात, त्याच माणसांसमोर कबूल करावे की ती करवत त्याने मारली.

यंदा सासरेबुवांनी फोन केला. हा मितभाषी मनुष्य होता. ते म्हणाले, "जावईबापू, घरासाठी एक करवत घ्यायची म्हणतो. तुम्हीच निवडून आणा."

मागून ट्रकवाल्याचा आवाज आला, "आणू द्या डॉक्टरांना! चालवणार मात्र मी, आधीच सांगतो!"

मिस्त्रीने त्याच क्षणी मनाशी काहीतरी ठरविले.

दुकानात विक्रेत्याने त्याच्यापुढे प्रथम एक लहान करवत ठेवली. ती फांद्या छाटण्यास ठीक, पण मांडीएवढ्या ओंडक्यात धापा टाकणार. मग एक दांडगी आणली. ती झाडे पाडणाऱ्यांची. दिवसभर सरपण कापताना म्हाताऱ्या माणसाचे खांदे उतरवील. मिस्त्रीने मधली घेतली. पन्नास सीसीचे इंजिन, साखळी जिच्यावरून फिरते ती हाताएवढी पट्टी, पेलताना तोल पुढेही जात नाही आणि मागेही नाही. साखळी ओढून पाहिली. ती पट्टीखाली लोंबत नव्हती आणि हाताने सहज सरकत होती.

"आणखी काही?" विक्रेत्याने विचारले.

"याच मॉडेलचा सिलिंडर आणि पिस्टन द्या. जोडीने."

"नव्या करवतीला? दोन-चार वर्षं तरी लागणार नाही हो!"

"लागेल," मिस्त्री म्हणाला आणि तो खोका त्याने पिशवीच्या तळाशी घातला.

आता त्याचा डाव काय होता तो ध्यानी घ्यावा. तो करवत बिघडवणार नव्हता. तो ती बिनचूक जुळवणार होता. कारण बिनचूक जुळवलेली करवत हवेत पूर्ण रेस दिली असता सुरेल किंचाळत नाही. ती थोडी घोगरी, घशात कफ अडकल्यासारखी बोलते, कारण तिला पेट्रोल आणि त्यातील तेल किंचित जास्त मिळत असते. लाकडात शिरली म्हणजे तोच आवाज साफ होतो. अजाण माणसाला मात्र ती घोगरी ऐकून वाटते की यंत्रात दम नाही. तो पूर्ण रेसचे पेट्रोल ठरविणारा स्क्रू आत पिळतो, पेट्रोल कमी होते, आवाज तीक्ष्ण होतो, माणूस खूश होतो आणि इंजिन भाजू लागते. आणि ट्रकवाल्यास आपल्या कानाचा जेवढा अभिमान होता तेवढा आपल्या मुलांचाही नव्हता. "मी आवाजावरून गाडीचं पोट ओळखतो," असे तो चारचौघांत म्हणत असे.

अंगणात सर्वजण जमले. मिस्त्रीने मिश्रणाचा कॅन सासऱ्यांच्या हाती दिला. "मामा, हा तुमच्याकडे. इंधन तुम्हीच भरायचं, दुसऱ्या कोणी नाही. रंग बघून घ्या."

"निळसर आहे," सासरे म्हणाले.

"लक्षात असू द्या."

त्याने करवत सुरू करून तापू दिली. प्रथम मंद चालीचा स्क्रू असा लावला की इंजिन चालू राहील पण साखळी हलणार नाही. मग बोटाने रेसला झटका दिला. करवत अडखळली. त्याने हलक्या फेऱ्यांचा, म्हणजे कमी रेसला पेट्रोल देणारा स्क्रू जरासा सोडला. पुन्हा झटका दिला, तशी ती चटकन उठली. शेवटी पूर्ण रेस देऊन जलद चालीचा स्क्रू फिरवत राहिला आणि डोके एका बाजूस कलते करून ऐकत राहिला. आवाज घोगरा झाला. त्याने पट्टी ओंडक्यात घातली, आवाज साफ झाला. बाहेर काढली, पुन्हा घोगरा. ओंडक्यातून जाड ढलप्या उडाल्या, भुकटी नव्हे.

"ऐकलंत, मामा? बाहेर घोगरी, आत साफ."

"ऐकलं," सासरे म्हणाले.

"खोकला झालाय हो तिला!" ट्रकवाला मोठ्याने हसला. "डॉक्टरांनी पेशंट आजारीच आणला!"

मिस्त्रीने बायकोकडून लाल नेलपॉलिश मागून घेतले. त्या जलद चालीच्या स्क्रूच्या डोक्यावरून कार्ब्युरेटरपर्यंत त्याने एक सरळ रेघ ओढली.

"हे कशाला आता?" बायकोने विचारले.

"साक्षीदार आहे," तो हळूच म्हणाला. मग मान वर करून सर्वांना ऐकू जाईल असे बोलला, "या रेघेला कोणी हात लावायचा नाही. विशेषतः ज्याला यातलं कळत नाही त्यानं."

ट्रकवाल्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मिस्त्रीला जे पेरावयाचे होते ते पेरून झाले होते.

दुपारी चहासाठी सगळे आत आले. ट्रकवाला मात्र "आलोच" म्हणून मागे राहिला. मिस्त्री स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी कप घेऊन उभा होता. त्याला सारे दिसत होते. साडूने इकडे तिकडे पाहिले, खिशातून पेचकस काढला, करवतीवर वाकला, मनगट वळविले. करवत सुरू केली. ती आता शिट्टीसारखी वाजत होती. साडूच्या चेहऱ्यावर समाधान पसरले.

त्या समयी खिडकी उघडून एक हाक मारली असती तरी पुरे होते. सासऱ्यांची नवी करवत वाचली असती. मिस्त्रीचा हात कडीपर्यंत गेलासुद्धा. मग त्याला उस्तादांच्या करवतीची गुळगुळीत मूठ आठवली. त्याने हात मागे घेतला आणि चहात आणखी एक चमचा साखर घातली.

"आज गोड प्यायला लागलात?" सासूबाई म्हणाल्या.

"आज गोडच लागतोय," मिस्त्री म्हणाला.

अंगणात सर्वांत जाड, गाठींनी भरलेला ओंडका शेवटी ठेवला होता. ट्रकवाल्याने पाय रोवले. "आता ऐका आवाज! याला म्हणतात मशीन!" करवत किंचाळत आत शिरली. अर्ध्यावर तिचा सूर चढू लागला, भाजलेल्या धातूचा वास आला, मग एक कर्कश चरचराट आणि शांतता. दोरी ओढली, ती हलेना. पट्टी ओंडक्यात अडकून राहिली.

"निकृष्ट माल!" ट्रकवाला ओरडला. "डॉक्टरांनी आणलेला! यात तेलच नसेल!"

"इंधन मी भरलंय," सासरे म्हणाले. त्यांनी चष्मा लावला, खाली वाकून पाहिले. लाल रेघेचे दोन तुकडे झाले होते. स्क्रूवरचा तुकडा कार्ब्युरेटरवरच्या तुकड्यापासून चांगलाच सरकला होता. त्यांनी जावयाकडे पाहिले नाही, फक्त हात पुढे केला. "पेचकस."

ट्रकवाल्याने खिशातून पेचकस काढून दिला. त्याच्या टोकाला लाल रंग लागला होता. ट्रकवाल्याची बायको पदर सावरीत आत निघून गेली. सासूबाई हसल्या नाहीत.

मिस्त्रीच्या उरात नगारा वाजू लागला. येथेच तो थांबता तर त्याचा विजय निर्भेळ झाला असता. परंतु सुडाची धुंदी चढलेल्या माणसाला थांबणे सुचत नाही. सासऱ्यांनी विचारले, "दुरुस्त होईल का, जावईबापू?" आणि हा ऐटीत म्हणाला, "तासाभरात!" असे म्हणून त्याने पिशवीत हात घालून तो खोका सर्वांसमोर ठेवला.

सासऱ्यांनी खोका उचलला. नवा पिस्टन, नवा सिलिंडर. त्यांनी खोक्यावरचे मॉडेलचे नाव वाचले.

"हे कधी घेतलंत?"

"करवतीबरोबरच."

"म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला."

"होतं."

"आणि बघत बसलात."

"खिडकीतून," मिस्त्री म्हणाला. खोटे बोलणे त्याच्या मनातही आले नाही. "गेल्या वर्षी माझी करवत यांनी मारली, मामा. नुसतं पेट्रोल भरून. आणि वर्षभर डॉक्टर मी!"

"काहीतरीच!" ट्रकवाला म्हणाला, पण त्याचा आवाज आता त्या करवतीइतकाच घोगरा झाला होता.

सासरे गोठ्याशेजारच्या खोलीत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर जुनी, दोन्ही टोकांना मुठी असलेली, दोघांनी मिळून ओढावयाची हातकरवत होती. "पिस्टन उद्या. आज हा ओंडका तुम्ही दोघं कापा. कापून झाल्याशिवाय जेवायला येऊ नका."

अडकलेली पट्टी सोडवून दोघे साडू ओंडक्याच्या दोन बाजूंस गुडघ्यांवर बसले. असली करवत फक्त ओढावयाची असते, ढकलावयाची नसते. समोरच्याने ओढली की आपण हात सैल सोडावा. मिस्त्री ओढताना सारा जोर लावी, आणि साडूची पाळी आली की मूठ जराशी धरून ठेवी. ट्रकवाल्याचा घाम हनुवटीवरून गळू लागला. सगळे घर व्हरांड्यात उभे राहून पाहत होते.

"सोडा ना हो थोडं!" ट्रकवाला पुटपुटला.

"सोडतो की. बोला आधी."

दहा-बारा ओढी झाल्या. मग ट्रकवाला भुशाकडे पाहत म्हणाला, "गेल्या वर्षी तेल घालायचं राहिलं माझ्याकडून."

"काय? करवतीच्या आवाजात ऐकू येत नाही."

"या करवतीला कुठला आलाय आवाज!"

"मोठ्यानं, साडूभाऊ. व्हरांड्यापर्यंत."

ट्रकवाल्याने मान वर केली, बायकोकडे पाहिले, सासूकडे पाहिले. "तेल मी घातलं नव्हतं!" तो ओरडला. "यांची करवत मी मारली! झालं समाधान?"

"झालं," मिस्त्री म्हणाला, आणि त्याने मूठ सैल सोडली. करवत पहिल्यांदा सरळ चालली.

व्हरांड्यातून सासूबाईंचा आवाज आला, "धाकटे जावईबापू, जेवण झालं की तो मिक्सर तेवढा बघाल का?" मिस्त्रीच्या बायकोने तोंड दुसरीकडे फिरवले, कारण तिला हसू आवरत नव्हते. सासरे मात्र हसले नाहीत. त्यांनी पिस्टनचा खोका काखेत धरला होता. तो त्यांनी त्या रात्री कपाटात ठेवून कुलूप लावले, आणि किल्ली दोघांपैकी एकाही जावयास दिली नाही. त्या वर्षीचे उरलेले सगळे सरपण हातकरवतीने, दोघांनी मिळून कापले गेले.

वाचकहो, माझी कथा येथे पूर्ण झाली. मी दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरतो. शाळा अर्ध्यावर सुटली, त्यामुळे शब्दांत चूक झाली असल्यास पोटात घालावी. आपण इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनःपूर्वक आभार मानतो.

आपला नम्र,
नाना पेंटर