माझ्या नाकाला बर्फाचं पातं बसलं तेव्हा

मी एक जुनी, ठेंगणी जीप आहे. मित्रांनो, आधीच कबूल करते, मी भित्री आहे.

महूच्या छावणीतल्या लिलावातून मला रत्नपालजींनी आणलं. फौजेत त्यांनी वीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या होत्या. निवृत्तीनंतर जवळच्याच राऊ गावात त्यांनी आणि त्यांच्या मुलीनं, संबोधीनं, गॅरेज काढलं. कितीतरी वर्षं मी माळव्याचा काळा चिखल तुडवला. लोक म्हणत, छोटी आहे पण तगडी आहे. मग नव्या गाड्या आल्या आणि मी शेडमागे धूळ खात पडले.

एक दिवस संबोधीच्या मैत्रिणीचा, डॉक्टर उर्वीचा फोन आला. ती हिमाचलातल्या एका उंच गावात दवाखाना चालवते. गेल्या हिवाळ्यात बर्फानं रस्ता अडवला आणि एक पेशंट तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही. तिला बर्फ ढकलायचं पातं लावलेली लहान गाडी हवी होती. बापलेकींनी मला निवडलं.

बर्फ मी फक्त गोळेवाल्याच्या गाड्यावर पाहिला होता. ड्रिल माझ्या चेसीत, म्हणजे खालच्या सांगाड्यात, शिरलं तेव्हा मी आतून थरथरले. लोखंडी पातं बसलं आणि त्याच्या वजनानं माझं नाक खाली गेलं. असं वाकून मी दरीकाठी कशी चालणार?

पात्यामागे स्प्रिंगा हव्यात, म्हणजे दगड लागला तर ते मागे झुकेल, असं संबोधी म्हणत होती. रत्नपालजींना ते पटेना. आर्मीत आम्ही सीधा बोल्ट मारायचो, असं म्हणून त्यांनी पातं घट्ट आवळलं.

चाचणीसाठी मागच्या प्लॉटवर वाळूचा ढीग केला होता. रत्नपालजी स्वतः चालवायला बसले. ढिगाखाली एक दगड दडलेला होता. पातं त्यावर अडकलं, माझी मागची चाकं जमिनीवरून उचलली गेली आणि त्यांचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. माझ्या सीटवर रक्त सांडलं. इंजिन बंद पडलं आणि मला वाटलं, मी त्यांचा जीव घेतला.

संबोधीनं त्यांना उतरवलं, जखमेवर रुमाल दाबला. मला घेऊन जाणारा ट्रक सकाळी यायचा होता.

"ट्रक परत जाऊ दे, बाबा," ती म्हणाली. "पातं झुकलं नाही तर मी गाडी देणार नाही."

रत्नपालजी कपाळावरचा रुमाल धरून माझ्या पात्यापाशी उकिडवे बसले.

"मलाही डर लागला, बेटा," ते हळूच म्हणाले. "पाना दे."

चार दिवसांनी मी निघाले. मागे तोलाला वाळूची पोती, पुढे जाड स्प्रिंगा.

जानेवारीत उर्वीच्या गावात बर्फ पडला. उर्वी मला चालवत होती, मागे प्रसूतीच्या कळा सोसणारी बाई होती. डावीकडे दरी. मला समोर पांढऱ्याशिवाय काही दिसेना. अचानक पातं कशावर तरी आदळलं. मला तो वाळूचा ढीग आठवला. पण पातं मागे झुकलं, दगडावरून घासत सुटलं आणि पुन्हा ताठ झालं. उर्वीनं श्वास सोडला आणि मला हळूहळू पुढे नेलं. दिवस मावळायच्या आत दवाखान्यात एक मुलगी रडली.

मित्रांनो, मी अजूनही प्रत्येक वळणावर घाबरते. तुमच्याजवळ कुणी म्हणालं की मला भीती वाटते, तर त्याला हसू नका. त्याचं ऐका, आणि निघण्याआधी सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा.