एकोणीस मीटर अलीकडे

मी अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या-दारं करतो. चाळीस वर्षांत माझी एकही चौकट मापाला चुकली नाही, आणि हे सांगताना मला पूर्वी फार बरं वाटायचं. आता कुणी म्हणालं की पांडेलीस मिस्त्रीचं माप म्हणजे माप, तर त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

माझी मुलगी फोतिनी चार वर्षांपूर्वी जुन्या हमरस्त्यावर पांढऱ्या पट्ट्यांवरून पलीकडे जाताना गाडीखाली गेली. तेवीस वर्षांची होती. पट्ट्यांवरून, हे मुद्दाम सांगतो. ती लहान असताना मीच शिकवलं होतं तिला, की कितीही लांब पडलं तरी पट्ट्यांपर्यंत चालत जायचं. पोरगी इतकी हट्टी, की पुढे मी कधी मध्येच रस्ता ओलांडायला लागलो तर बाहीला धरून मागे ओढायची. गाडीवाला म्हणाला, ती फोनमध्ये डोकं घालून मध्येच धावत आली. पाऊस होता, त्याने गाडी हलवली होती, आणि पोलिसांच्या नकाशावरून कुणाला काही कळेल तर शपथ. तिला पट्ट्यांवर पाहणारा माणूस एकच, कोपऱ्यावरचा टपरीवाला म्हातारा सारांदोस. खटल्याची तारीख तीनदा पुढे गेली, त्यात दोनदा वकिलांच्या संपामुळे. तोवर सारांदोस देवाघरी गेला.

विमा कंपनी आपसात मिटवायला तयार होती. कागदावर फक्त एवढंच लिहायचं होतं, की दोष दोघांचा. माझी बायको आर्गिरो हिने तो कागद चुलीत घातला. "माझ्या लेकीचा दोष? मेल्यांना लाज कशी वाटत नाही!" आम्हाला निकालात एकच ओळ हवी होती, ती पट्ट्यांवरून चालत होती म्हणून. बाकी कशाचं आम्ही काय करणार होतो?

फोतिनीच्या नावाचं छोटं देऊळ मी स्वतः बनवलं, इथे रस्त्यावर माणूस गेलं की सगळेच बसवतात तसं. खांबावर पेटी, काचेचं दार, आत पवित्र मरीयेचं चित्र, पोरीचा फोटो आणि तेलाचा दिवा. आधी ते पट्ट्यांच्या अगदी कडेला उभं केलं. पण तिथे आखातावरचा वारा थेट येतो. आठ दिवस रोज संध्याकाळी दिवा विझला. आर्गिरो रस्त्यात गुडघ्यांवर बसून काडीमागून काडी ओढायची आणि रडायची, "तिला अंधारात नको रे ठेवू." मला ते बघवेना. नवव्या दिवशी मी ते उचललं आणि जरा अलीकडे, तेलाच्या जुन्या घाण्याच्या भिंतीआड, काँक्रीट ओतून पक्कं केलं. त्यानंतर दिवा एकदाही विझला नाही.

आर्गिरो कोर्टात आली नाही. त्या माणसाचे डोळे फोडीन, म्हणायची. मी एकटाच साक्षीला उभा राहिलो. विमा कंपनीचा वकील अगदी सभ्य माणूस होता. त्याने एक फोटो माझ्यापुढे धरला.

"मिस्त्री, हे काम तुमचं?"

"माझंच."

"सुरेख आहे. अंदाजाने बसवलंत?"

"मी अंदाजाने काही बसवत नाही."

"वाटलंच मला. आणि आपल्याकडे हे कुठे बसवतात हो?"

"माणूस जिथे गेलं तिथे," मी म्हणालो, आणि बोलता बोलताच कळलं तो मला कुठे नेतोय.

"आम्ही मोजलंय. गाडी आली त्या बाजूला, पट्ट्यांच्या एकोणीस मीटर अलीकडे. म्हणजे गाडी पट्ट्यांपर्यंत पोचलीच नव्हती."

"ते वाऱ्यामुळे," मी म्हणालो.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "वाऱ्यामुळे?"

"दिवा विझत होता, बाईसाहेब."

मी काड्यांचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं. जितकं सांगत गेलो तितकं ते मलाच खोटं वाटायला लागलं. मागे कुणीतरी खोकलं. आमचा वकील व्लासिस कागदांत तोंड खुपसून बसला होता. बाहेर आल्यावर तो माझ्यावर उखडला.

"हे मला आधी सांगता येत नव्हतं?"

"रोज त्याच रस्त्याने जातोस ना? गाडीतून छातीवर बोटांनी क्रूस काढतोस की त्याच्यापुढे! तुला दिसलं नाही?"

आम्हा दोघांना इतकी वर्षं ते दिसत होतं.

सात महिन्यांनी, एका दुपारी, व्लासिसचा फोन आला. सत्तर टक्के दोष फोतिनीचा. घटनेची जागा, मृत मुलीच्या वडिलांनीच कायम केल्याप्रमाणे, पट्ट्यांबाहेर. अपील करू म्हणाला, पण नवा पुरावा आणा. कुठून आणू? सारांदोसला उठवू?

मी बॅटरीचा ग्राइंडर घेतला आणि तडक रस्त्यावर गेलो. तो खांब माझा होता, मीच कापणार होतो. पण तेलाची बाटली घेऊन आर्गिरो आधीच तिथे होती. काच पुसत होती.

"इतक्या लवकर दुकान बंद केलंस? आणि ते काय आणलंयस?"

"बिजागरी कुरकुरते म्हणालीस ना."

"त्याला एवढं मशीन?" ती किती दिवसांनी हसली. मग वळून माझ्याकडे बघत राहिली. "निकाल लागला. हो ना?"

मी मान हलवली.

"लिहिलं त्यांनी? पट्ट्यांवरून जात होती म्हणून?"

रस्त्यावर वारा सुटला होता, घाण्यापलीकडची झाडं वाकत होती. पेटीतली ज्योत जागची हलली नाही.

"लिहिलं," मी म्हणालो.

आर्गिरोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग ती काचेचं दार उघडून आत वाकली आणि फोटोला सांगायला लागली, "ऐकलंस का गं? बाबा जाऊन आले. लिहिलं म्हणे त्यांनी." आणि बाटलीत होतं तेवढं सगळं तेल तिने दिव्यात ओतलं.