दोन बटणांचा कटर

मी कटर बोलतोय. हात खिशात घाला आणि मग ऐका.

धुळ्याच्या एमआयडीसीत, पुस्तकं बांधायच्या एका कारखान्यात मी उभा आहे. जन्म अमृतसरचा, अंग बिडाचं, पातं असं की कागदाच्या थप्पीला ओरडायलाही सवड मिळत नाही. स्वभाव तापट आहे, लपवून काय करू?

तुम्ही जाड पुठ्ठ्याचं पुस्तक छातीशी धरून वाचता ना, ते मार खाऊन तयार होतं, राव. आधी छापील कागद मोडून मोडून त्याच्या घड्या करतात. मग शिलाईचं मशीन त्या घड्यांच्या पाठीत सुयाच सुया खुपसतं. प्रेसमध्ये घालून त्यांचा श्वास काढतात. मग माझी पाळी. मी तीन बाजूंनी मांस उतरवतो. पुढे एक मशीन कण्यावर दाब देऊन पाठ गोल करतं, तिच्यावर सरस आणि जाळीचं कापड बसतं, आणि शेवटी पुठ्ठ्याचं कव्हर चढवून पुन्हा प्रेसमध्ये. त्यानंतर कुठे तुम्ही त्याला ग्रंथ म्हणता.

मला दोन बटणं आहेत. एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच मी सुटतो, म्हणजे माणसाचे दोन्ही हात बाहेर राहतात. आधी माझा जड दाब खाली येतो, कागद घट्ट धरतो, आणि त्याच्या मागोमाग पातं. जुन्या जातीचा आहे मी. एकदा सुटलो की अर्ध्यात थांबणं मला ठाऊक नाही.

माझ्यावर हाशमभाऊ होता. पिकली दाढी, थप्पी सरळ करताना तोंडाने पुटपुटायची सवय. त्याच्या हाताखाली मी कधी माणसाचं रक्त पाहिलं नाही.

यंदा एका समाजाच्या वधू-वर परिचय ग्रंथाचं काम आलं. मेळावा रविवारी जळगावला. मालकाचा मुलगा हितेंद्र घाईला आला. त्याने काय करावं? आगपेटीची काडी मोडून माझ्या डाव्या बटणात खोचली. बटण दबलेलंच राहिलं. आता उजवं दाबायचं, आणि डाव्या हाताने पुढची थप्पी सरळ करायची. दुप्पट माल!

हाशमभाऊने काडी उपसून फेकली. हितेंद्रने दुसरी खोचली. भाऊने तीही उपसली.

"हितेंद्रशेठ, कंपनीनं दोन बटणं हौसेनं नाही दिली," भाऊ म्हणाला.

"भाऊ, मेळावा रविवारी शे. पुस्तकं काय सोमवारी वाटू? तुम्ही व्हा बाजूला."

भाऊला उचलून पुठ्ठ्यांना सरस लावायला बसवलं आणि माझ्यासमोर उभी केली ज्योत्स्नाला. शिलाईच्या मशीनवरची चुणचुणीत पोरगी, पण माझी ओळख नाही. तिला वाटलं, काडी ही माझ्या अंगाचाच भाग आहे.

दुपारपर्यंत ती भराभर कापत होती. मग एक थप्पी तिरकी बसली. ती सारखी करायला डावा हात आत गेला, आणि सवयीने उजव्याने बटण दाबलं.

सुटलो मी! अरे, थांबवा कोणी तरी, असं बोंबलावंसं वाटलं. पण मला कुठलं तोंड?

हाशमभाऊ सरसाची बादली टाकून धावला. हात धरायला वेळ नव्हता. त्याने तिची वेणी धरली आणि सगळ्या ताकदीने मागे खेचली. तिचा हात सुटला आणि मी नुसताच कागद कापला. पण ती पाठीवर आपटली, प्रेसच्या लोखंडी पायावर डोकं बसलं आणि शुद्ध हरपली.

हितेंद्र वळला तेव्हा त्याला दिसलं ते एवढंच: जमिनीवर रक्ताळलेली पोरगी आणि भाऊच्या मुठीत तिची वेणी.

"बाईवर हात टाकतो का रे!"

झालं. घड्या घालणारा भिकन आला, टेम्पोवरचे हमाल आले, बाहेरच्या चहाच्या टपरीवरचेही आले. त्यांना काही ठाऊक नव्हतं. हाशम हे नाव कानावर पडलं, तेवढं त्यांना पुरलं. प्रेसच्या लाकडी फळ्या उचलल्या आणि बडव बडव बडवला त्याला. "बटण पहा, बटण पहा," म्हणून तो माझ्याकडे बोट दाखवत होता. ते बोटही त्यांनी बुटाखाली रगडलं. भिकनने तर त्याच उजव्या हातावर फळीचे तीन घाव घातले.

लोक मला खाटीक म्हणतात. मला सुटायला निदान दोन बटणं लागतात. यांना एकही लागलं नाही. थू!

ज्योत्स्ना शुद्धीवर आली ती त्या आवाजाने. रांगत रांगतच भाऊच्या अंगावर पडली.

"माले मारं नही तेनी! मना हात वाचाडा! ती काडी पहा ना, आंधया शेतस का बठ्ठा?"

सगळ्यांनी काडी पाहिली. फळ्या खाली पडल्या. टपरीवाले कधी पांगले, कळलंच नाही. हितेंद्र माझ्याजवळ आला आणि गुपचूप काडी काढू लागला. ज्योत्स्नाने त्याचं मनगट धरलं. पोलीस येईपर्यंत तिने ते सोडलं नाही; काडी त्यांनीच काढली आणि सगळ्यांचे जबाब लिहून नेले.

दुसऱ्या दिवशी ती डोक्याला पट्टी बांधून आली. हाशमभाऊ सिव्हिलमध्ये होता, उजव्या हाताच्या हाडांचा चुरा झालेला. तिने सगळ्यांना माझ्याभोवती बोलावलं, माझा स्विच चालू केला आणि दोन्ही बटणांवर अंगठे ठेवले.

"काल ज्यानी ज्यानी हाशमभाऊवर हात टाका, तेनी तो हात आठे ठेवा."

पात्याखालची जागा पाहून सगळे एक पाऊल मागे सरकले.

"ठेवा ना! काल तं भलता जोर व्हता!"

तिने बटणं दाबली. मी रिकाम्या टेबलावर धाडकन उतरलो. माझ्यापासून लांब उभ्या असलेल्या त्या बाप्यांनी आपापले हात पाठीमागे ओढले. हितेंद्रने तर काखेत घातले.

मग भिकन पुढे आला. डोळे मिटून त्याने उजवा हात माझ्या पात्याखाली ठेवला. खरं सांगतो, इतकी वर्षं कापाकापी केली, पण त्या वेळी मला माझ्याच धारेची भीती वाटली.

ज्योत्स्नाने दोन्ही अंगठे बटणांवरून उचलले.

"काढ तो हात," ती म्हणाली. "सिव्हिलले जाय. भाऊले हातनी जेवता येत नही. त्याच हातनी तेले घास भरव."

भिकन तसाच, चपला न घालता गेला.